अम्मी हैदराबादचीच आहे

पत्र :

‘ताई, मी सोलापुरात बिजापूर वेशीकडे राहते. वय 34. वडील यंत्रमागावर होते. माझी दादी जन्माने पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातली; तिचे माहेर पूर्व भागात होते आणि अब्बांना आजही तेलुगू येते. अम्मीचा जन्म 1964 चा, सिंधमधल्या हैदराबादचा. तिचे वडील, म्हणजे माझे नाना, मूळ नळदुर्गचे. पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे निजामाच्या संस्थानावरच्या 1948 च्या लष्करी कारवाईनंतर, 1949 मध्ये, ते बायको आणि दीड वर्षाच्या मोठ्या मामूंना घेऊन मुंबईमार्गे तिकडे गेले. नाना आणि माझे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, मावसभाऊ होते. त्या नात्यातून 1986 मध्ये अम्मीचे लग्न अब्बांशी झाले आणि पुढे बऱ्याच वर्षांनी तिला भारताचे नागरिकत्व मिळाले. गल्लीत आम्ही पहिल्यापासून “अम्मी हैदराबादची” एवढेच सांगत आलो. लोकांनी दक्खनचे हैदराबाद धरले आणि आम्ही धरू दिले. गेल्या जुलैत मोठे मामू तिकडे वारले. अम्मीला जाता आले नाही आणि शेजाऱ्यांना काय सांगायचे, म्हणून आम्ही दार लावून रडलो. आता धाकट्या भावाचे लग्न ठरत आहे. मुलीकडचे लोक आपण अस्सल सय्यद, म्हणजे पैगंबरांच्या वंशातले, असल्याचे सांगतात, म्हणून दादीचेही सांगायचे नाही आणि अम्मीचेही नाही, असे त्याचे म्हणणे आहे. तिकडे फोन करायलाही त्याने अम्मीला मनाई केली आहे. त्यातच माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला शाळेत घराण्याचा तक्ता करायला सांगितला. तो नकाशा घेऊन आला आणि त्याने विचारले, “नानी कोणत्या हैदराबादची?” मी स्वयंपाकघरात निघून गेले. त्याला काय सांगू? आणि आम्ही नक्की कोण?’

उत्तर :

प्रिय भगिनी,

तुमचे पत्र ‘आम्ही नक्की कोण’ या प्रश्नावर संपते, पण मला त्याहून जड वाटले ते ‘दार लावून रडलो’ हे तीन शब्द. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

सोलापुरात मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही. शेजारची बाई न सांगता चहाची किटली घेऊन येते, दुसरी पिठले-भाकरी आणते, आणि एरवी नळाच्या पाण्यावरून आपल्याशी भांडणारी तिसरी उंबऱ्यात बसून डोळे पुसते. ही रीत सगळ्या पेठांची आहे, तिला धर्म विचारावा लागत नाही. तुमच्या अम्मींच्या वाट्याला हे काहीच आले नाही. थोरला भाऊ गेला आणि त्यांना आवाज दाबून रडावे लागले, कारण आवाज भिंतीपलीकडे गेला असता तर कोण गेले, कुठे गेले, मातीला कोण जाणार, हे प्रश्न आले असते. तुम्ही शेजाऱ्यांपासून एक गोष्ट लपवायला गेलात आणि तिच्यापायी त्यांचा पिठले-भाकरीचा हक्कही हिरावला गेला. यात मी तुम्हाला दोष देत नाही. 22 एप्रिल 2025 च्या पहलगाम हल्ल्यानंतर व्हिसा रद्द झाले, अटारीची चौकी बंद झाली, मे महिन्यात दोन्ही देशांत प्रत्यक्ष लष्करी संघर्ष झाला, आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी मामू गेले. अशा दिवसांत दार लावून घ्यावेसे वाटणे मी समजू शकते. पण ते दार वर्षभर लावलेलेच राहिले आहे.

येत्या जुलैत मामूंची बरसी आहे. माझी पहिली सूचना अशी आहे की ती तुमच्या घरच्या रीतीप्रमाणे, कुराणखानी करून, चार शेजारणींना बोलावून, उघडपणे व्हावी, आणि कुणी विचारले तर ‘माझा भाऊ गेला, सिंधमध्ये होता’ एवढे एकच वाक्य अम्मींनी उच्चारावे. अर्थात हे त्यांना हवे असेल तरच. हे गुपित मुळात तुमचे किंवा तुमच्या भावाचे नाही, त्यांचे आहे. ज्या बाईने चाळीस वर्षे ते सांभाळले तिची स्वतःची काही कारणे असतील, आणि ती कारणे तुम्ही अजून तिला विचारलेली नाहीत, असे पत्रावरून मला वाटते. आधी ते विचारा.

‘अम्मी हैदराबादची’ हे वाक्य खोटे आहे का, याचा मी बराच विचार केला. सोलापुरात हैदराबाद म्हटले की चारमिनार डोळ्यांपुढे येतो, सिंधू नदीकाठचे शहर येत नाही, हे तुम्हाला ठाऊक होते आणि त्या गैरसमजाचा तुम्ही आडोसा घेतला. तेवढ्यापुरते ते खोटे आहे. पण जरा मागे जाऊन पाहा. मुहंमद कुली कुतुबशहाने 1591 मध्ये वसवलेले एक हैदराबाद आणि गुलाम शाह कल्होडोने 1768 मध्ये वसवलेले दुसरे, यांपैकी दुसऱ्यात अम्मी जन्मल्या. पहिल्याच्या राज्यात त्यांचे वडील जन्मले, कारण 1948 पर्यंत नळदुर्ग हे निजामाच्या हैदराबाद संस्थानातले गाव होते. म्हणजे तुम्ही गल्लीला जे अर्धे सत्य सांगितले ते नकळत दोन्हीकडून पुरे होते. अम्मी बापाकडून एका हैदराबादच्या आहेत आणि जन्माने दुसऱ्या.

नळदुर्ग सोलापूरपासून सुमारे 45 किलोमीटर आहे. आज एसटीने तासाभरात पोहोचतो, पावसाळ्यात किल्ल्यातले नर-मादी धबधबे पाहायला अख्खे सोलापूर लोटते, आणि वाटेत आपण एक सीमा ओलांडली हे कुणाच्या मनातही येत नाही. पण ऑगस्ट 1947 पासून वर्षभर ती खरोखरीची सीमा होती. अलीकडे भारत होता आणि पलीकडे स्वतंत्र राहू पाहणारे संस्थान. 13 सप्टेंबर 1948 रोजी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय सैन्याची मुख्य तुकडी सोलापूरहून याच रस्त्याने निघाली, पहिल्याच दिवशी नळदुर्ग हाती आले आणि 17 तारखेला निजामाने शरणागती पत्करली.

या सीमेशी माझेही नाते आहे, ते सांगितल्याशिवाय पुढे लिहिणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. माझ्या आईचे माहेर आळंद भागातल्या एका खेड्यातले, घरची भाषा कानडी. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांच्या धाडींना भिऊन माझे आजोबा 1948 च्या उन्हाळ्यात बैलगाडीतून, रात्रीच्या वेळी, सोलापुरात आले आणि परत गेले नाहीत. आमच्या घरी ‘रझाकार’ हा शब्द मुलांना गप्प बसवण्यासाठी वापरला जाई. सैन्य आले, सुटका झाली, इथे आमची गोष्ट संपत असे. पुढचे प्रकरण मला फार उशिरा कळले. निजामाच्या शरणागतीनंतर त्याच गावांतून मुसलमानांवर सूड उगवला गेला. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मारल्या गेलेल्यांचा अंदाज 27 हजार ते 40 हजार असा नोंदवला, सर्वाधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत तेव्हाच्या उस्मानाबादचा, म्हणजे तुमच्या नळदुर्गच्या जिल्ह्याचा समावेश केला, आणि तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. तुमचे नाना 1949 मध्ये गेले ते पाकिस्तानच्या प्रेमाने गेले, की जिवाच्या भीतीने गेले, की त्यांच्या ओळखीचे सगळेच निघाले म्हणून गेले, हे आता ठरवता येणार नाही. पण माझे आजोबा ज्या कारणाने गाडी जुंपून निघाले तसेच एखादे कारण त्यांना असावे, असे मानायला मला जड जात नाही. एकाच वर्षाच्या अंतराने, एकाच सीमेच्या परिसरातून, एक कुटुंब पश्चिमेला सोलापूरपर्यंत आले आणि दुसरे पुढे समुद्रापलीकडे गेले. माझ्या आजोबांना निर्वासित म्हटले गेले, तुमच्या नानांना पळून गेलेला.

आणि गंमत पाहा, गंमत हा शब्द इथे शोभत नाही हे मान्य करूनही पाहा : नळदुर्गात जन्मलेले मामू सिंधच्या मातीत गेले आणि सिंधमध्ये जन्मलेल्या अम्मी नळदुर्गपासून तासाभराच्या अंतरावर नांदत आहेत.

आता भीतीविषयी. तुम्ही सगळे जे लपवत आहात ते गावाचे नाव आहे, असे तुम्हाला वाटते. तसे ते नाही. सोलापुरात फाळणीनंतर सिंधहून आलेली हिंदू कुटुंबे आहेत, कापडाच्या आणि इतर व्यापारात आहेत. त्यांच्यापैकी एखाद्या आजोबांना मूळ गाव विचारा. ‘हैदराबाद, सिंध’ असे ते अभिमानाने सांगतील, तिथल्या बांगड्यांविषयी आणि हवेविषयी बोलतील, आणि ऐकणारा हळहळेल. लालकृष्ण अडवाणी कराचीत जन्मले, मनमोहन सिंग आज पाकिस्तानात असलेल्या गाह गावात जन्मले, आणि तिकडचे परवेझ मुशर्रफ दिल्लीत. आपल्या राष्ट्रगीतात सिंध आहे, तो रोज शाळेत तुमचा मुलगा म्हणतो. इतकेच कशाला, 1847 पासून 1936 पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता, म्हणजे सोलापूर आणि कराची यांचा गव्हर्नर जवळजवळ नव्वद वर्षे एकच होता. जन्मस्थान तेच असताना एकाविषयी हळहळ आणि दुसरीविषयी संशय निर्माण होतो, तेव्हा संशयाचे कारण जन्मस्थान नसते. ते अम्मींच्या नावात आणि नमाजात शोधले जाते. हे स्पष्ट लिहिते, कारण तुमच्या भावाला वाटते तसे सिंध लपवल्याने ते कारण नाहीसे होणार नाही. अम्मी खरोखरच चारमिनारच्या शेजारी जन्मल्या असत्या तरी क्रिकेटच्या सामन्याच्या दिवशी तुमच्या भावाकडे जसे पाहिले जाते तसेच पाहिले गेले असते.

अशा वेळी चांगल्या मनाची माणसे एक उपाय सुचवतात. तुम्हालाही तो कुणीतरी सुचवेल, म्हणून आधीच सांगते. ते म्हणतात, आपल्या सोलापूरचे कुर्बान हुसेन पाहा. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांच्याबरोबर 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी गेलेला, ‘गझनफर’ हे पत्र चालवणारा हा तरुण सोलापूरचा आहे आणि त्याचा अभिमान मला माझ्या घरातल्या माणसाइतका आहे. पण तुम्ही त्याला जामीन म्हणून उभा करू नका. आपल्या देशात सुखाने राहण्यासाठी प्रत्येक मुसलमान घराने आधी एक हुतात्मा दाखवावा, असा नियम धनशेट्टींच्या किंवा सारडांच्या समाजाला कुणी लावला नव्हता.

मला त्यापेक्षा भैया चौकात ज्यांचे स्मारक आहे ते डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. ते 1910 मध्ये सोलापुरात जन्मले, चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करायला गेले, क्वो छिंगलान या चिनी परिचारिकेशी त्यांनी लग्न केले, आणि 1942 मध्ये, मुलगा काही महिन्यांचा असतानाच, तिथेच वारले. मुलाचे नाव यिनहुआ ठेवले होते. यातला ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. तो मुलगा वीस वर्षांचा झाला त्या वर्षी, 1962 मध्ये, त्याच्या नावातले दोन्ही देश एकमेकांशी लढले. तरीही सोलापूरने त्या चिनी सुनेला कधी परके मानले नाही. तुलना लंगडी आहे, हे मला कळते. कोटणीस मोठे होते, त्यांच्या नावाने दोन सरकारे एकमेकांना हार घालतात, आणि चीन पुष्कळ लांब आहे. अम्मी साध्या गृहिणी आहेत. पण दोन देशांच्या भांडणात सापडलेल्या घराला समजून घेणे या शहराला अजिबात जमत नाही, असे म्हणता येणार नाही, एवढ्यासाठीच हे लिहिले.

कायद्याचे थोडक्यात सांगते, कारण तिथे शंकेला फार जागा नाही. 1 जुलै 1987 ते डिसेंबर 2004 च्या आरंभापर्यंत भारतात जन्मलेली व्यक्ती, तिच्या जन्माच्या वेळी आई किंवा वडील यांपैकी एक जरी भारतीय नागरिक असेल, तर जन्माने भारतीय असते. तुमचे वडील भारतीय, म्हणून तुम्ही आणि तुमचा भाऊ दोघेही जन्मतः भारतीय आहात. त्या वेळी अम्मींकडे कोणता पासपोर्ट होता याने त्यात फरक पडत नाही. अम्मी नोंदणीने नागरिक झाल्या आहेत. नोंदणीने झालेल्या नागरिकाचे मत जन्माने झालेल्या नागरिकाच्या मताइतकेच मोजले जाते. राष्ट्रपतिपदासाठीसुद्धा आपल्या राज्यघटनेने जन्माची अट घातलेली नाही. मात्र 1955 च्या नागरिकत्व कायद्यात एक तरतूद अशी आहे की नोंदणीने मिळालेले नागरिकत्व फसवणूक करून किंवा महत्त्वाची माहिती दडवून मिळवले असेल तर ते काढून घेता येते. म्हणून गल्लीत काय सांगायचे तो तुमचा प्रश्न, पण सरकारी कागदावर जन्मस्थान नेहमी जसेच्या तसे, ‘हैदराबाद, सिंध, पाकिस्तान’ असेच लिहायचे. पासपोर्टच्या अर्जात नागरिकत्व कशाने मिळाले हे विचारतात, तिथे ‘नोंदणीने’ असेच लिहायचे. एखादा एजंट ‘कशाला भानगड, नुसते हैदराबाद लिहा’ असे म्हणेल. त्याचे ऐकू नका. नोंदणीचे मूळ प्रमाणपत्र घरातल्या लोखंडी कपाटात सोन्याच्या शेजारी ठेवा आणि त्याच्या प्रती वेगळ्या ठेवा. कधी चौकशी झालीच, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे उत्पन्न कितीही असले तरी मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क आहे.

फोनविषयी. भावाची भीती पूर्णपणे निराधार आहे असे मी म्हणणार नाही, पण त्याचा उपाय चुकीचा आहे. सख्ख्या नातलगांशी सुखदुःखाचे बोलणे हा गुन्हा नाही. अम्मींनी विधवा भावजयीची विचारपूस करावी, भाच्याच्या लेकीचे बारसे कसे झाले ते ऐकावे. राजकारणाचे आणि लष्कराचे व्हिडिओ मात्र इकडून तिकडे पाठवू नयेत, कुणाच्या हातून पैसे पाठवू नयेत, अनोळखी क्रमांकाला उत्तर देऊ नये. हे तीन नियम घरातल्या तरुणांनीच अधिक पाळायचे आहेत. साठी ओलांडलेल्या बाईला गप्प बसवून आपण सुरक्षित झालो, असे तुमच्या भावाने समजू नये. शिवाय त्याला आठवण करून द्या की येण्याजाण्याचे मार्ग आजवर अनेकदा बंद झाले आणि अनेकदा उघडले. राजस्थान आणि सिंध यांना जोडणारी मुनाबाव-खोखरापारची रेल्वे 1965 च्या युद्धात बंद पडली, थार एक्सप्रेसच्या रूपाने फेब्रुवारी 2006 मध्ये, म्हणजे 41 वर्षांनी सुरू झाली आणि ऑगस्ट 2019 मध्ये पुन्हा थांबली. ती पुन्हा कधी सुरू होईल हे कुणीच सांगू शकत नाही. तोपर्यंत अम्मींकडे तिकडचा आवाज तेवढा आहे.

लग्नाबाबत मात्र मी तुमच्या भावाशी स्पष्टपणे असहमत आहे, आणि हा भाग त्याला वाचून दाखवला तरी चालेल. दादीचे पद्मशाली असणे आणि अम्मींचे सिंधी हैदराबादचे असणे, या दोन्ही गोष्टी मंगनीच्या आधी मुलीच्या घरी सांगितल्या पाहिजेत, आणि त्या तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने, शक्यतो अब्बांनी, मान खाली न घालता सांगितल्या पाहिजेत. अशा गोष्टी लपत नाहीत. निकाहनंतर महिन्याभरात एखादी खाला जेवता जेवता बोलून जाईल आणि मग मुलीकडच्यांची तक्रार दादीबद्दल राहणार नाही, फसवल्याबद्दल असेल, आणि ती तक्रार रास्त असेल. सून जी येईल तिलाही या घरात आल्यावर सासूचे गाव कुजबुजत सांगावे लागू नये.

ते अस्सल सय्यद आहेत, याबद्दल मला शंका घ्यायची नाही. पण सोलापुरात बसून रक्ताच्या शुद्धतेचा हिशेब मांडणे जरा धाडसाचे आहे. याच सोलापुरात 1524 च्या सुमारास अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचे विजापूरच्या इस्माईल आदिलशहाच्या बहिणीशी, मरियमशी लग्न झाले. इतिहासकार फरिश्ता सांगतो की नवऱ्या मुलाचा आजा मलिक हसन हा जन्माने ब्राह्मण, बापाकडून पाथरीच्या कुलकर्ण्यांच्या घराण्यातला. आणि नवरीची आई बुबूजी खानम ही मुकुंदराव नावाच्या मराठा सरदाराची बहीण. दख्खनच्या दोन सर्वांत मोठ्या मुसलमान राजघराण्यांचा हा सोयरसंबंध होता. त्यात हबशी मिसळले, इराणी आणि तुर्क मिसळले, अरबस्तानातून आलेले चाऊस मिसळले, मराठी, तेलुगू आणि कानडी घरांतल्या लेकी-सुना मिसळल्या, आणि त्या सगळ्यांनी मिळून जी बोली केली ती दखनी तुम्ही आज घरात बोलता. तुमची दादी या परंपरेतला अपवाद नाही. उलट ती त्या परंपरेचे अगदी जवळचे उदाहरण आहे.

त्याच लग्नाची आणखी एक गोष्ट तुमच्या भावाच्या कानावर घाला. बोलणीत सोलापूरचा किल्ला हुंडा म्हणून कबूल झाला होता, असे निजामशाहीचे म्हणणे होते. आदिलशहाने तो दिला नाही. आधी काय सांगितले होते आणि काय नव्हते, या एका भांडणावरून दोन्ही राज्ये पुढे किती तरी वर्षे या किल्ल्याभोवती लढत राहिली. शेवटी हुसेन निजामशहाची मुलगी चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली तेव्हा तिच्याबरोबर हा किल्ला विजापूरला गेला. लग्नाच्या बोलणीत काही झाकून ठेवण्याचा परिणाम पाहायला तुमच्या भावाला लांब जावे लागत नाही. सिद्धेश्वर तळ्याकाठी उभे राहिले तरी पुरते.

सांगूनही मुलीकडचे नकार देऊ शकतात. सय्यदांच्या घरी दादीमुळे, किंवा पोलिसांच्या भीतीने अम्मींमुळे. नकार आला तर तुमच्या भावाला दुःख होईल आणि काही काळ तो तुमच्यावर रागावेल. तो राग तुम्ही सोसावा, असे मला वाटते. दादीला नाकारणाऱ्या घरात त्याची मुले जन्माला येऊन पुढे त्यांनाही तेलुगू पणजी लपवायला शिकवले जाण्यापेक्षा तो राग पुष्कळ स्वस्त आहे.

आता तुमच्या मुलाकडे येते. मी तीस वर्षे शिक्षिका होते, आणि एक चूक आजवर कुणाला सांगितलेली नाही. 1 मार्च 2003 रोजी विश्वचषकात भारताने पाकिस्तानला हरवले, सचिनच्या 98 धावा झाल्या होत्या. शनिवार होता. सोमवारी वर्गात शिरता शिरता मी पहिल्या बाकावरच्या एका मुलाला, तो मुसलमान होता म्हणूनच, हसत विचारले, ‘काय रे, परवा झोप लागली का?’ सगळा वर्ग हसला. तोही हसला. दुसऱ्या दिवसापासून तो मागच्या बाकावर बसू लागला आणि वर्ष संपेपर्यंत त्याने एकदाही हात वर केला नाही. तो सचिनचा केवढा भक्त होता हे मला त्याच्या वहीच्या कव्हरवरून ठाऊक होते, तरी मी तो विनोद केला. पुढे त्याची माफी मागावी असे अनेकदा मनात आले, पण मी मागितली नाही. हे यासाठी सांगते की तुमच्या मुलालाही असा कुणीतरी भेटेल, कदाचित एखादी चांगली, एरवी प्रेमळ शिक्षिकाच भेटेल, आणि त्या दिवशी त्याला घरातली गोष्ट आधीपासून नीट माहीत असली पाहिजे. जी गोष्ट आईने स्वयंपाकघरात पळून जाऊन टाळली ती लाजेची असते, असे नऊ वर्षांचे मूल बरोबर ओळखते.

त्याला खरे सांगा. नानी सिंधमधल्या हैदराबादची आहे, तिचे अब्बा नळदुर्गचे होते, तिच्या भावाला दीड वर्षाचा असताना तिकडे नेले. तेव्हा लोकांना वाटले होते की थोड्या दिवसांनी परत येऊ. सुरुवातीला तर दोन्ही देशांत पासपोर्टही नव्हता, तो 1952 मध्ये आला, आणि तोवर परतीची वाट अरुंद होत गेली होती. दोन्ही देशांची सरकारे एकमेकांशी लढली आहेत, आपला देश भारत आहे, आणि नानीचे भाऊ दुसऱ्या देशात होते. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मुलांना आपल्यापेक्षा लवकर कळते. ‘मग आपण कोण’ असे त्याने विचारले तर सोलापूरचे मुसलमान म्हणा. घरात दखनी, शाळेत मराठी आणि आजोबांशी दोन-चार वाक्ये तेलुगू बोलणारे. कुणी कुत्सितपणे विचारले तर उत्तर देणे त्याच्यावर बंधनकारक नाही, घरी येऊन सांगायचे, एवढेही त्याला शिकवा. याच शहरात 1990 मध्ये फकरुद्दीन बेन्नूर यांच्या पुढाकाराने मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हाही हाच प्रश्न अनेक अंगांनी चर्चिला गेला होता. तो तुमच्या मुलाने चौथीच्या तक्त्यावर सोडवावा, अशी अपेक्षा कुणी करू नये.

तक्ता शाळेत लावायचा असेल आणि अम्मींची तयारी नसेल, तर त्यावर फक्त नावे लिहा, गावे लिहू नका. शिक्षिका अडून बसणार नाही. पण घरासाठी दुसरा तक्ता करा. त्यात दादीच्या माहेरचे आडनाव येऊ द्या, ते अब्बांना विचारा, अजून सांगणारे आहेत तोवर लिहून घ्या. नकाशावर दोन्ही हैदराबादांना टिंबे द्यायला सांगा आणि मधे नळदुर्गलाही एक. मोठ्या मामूंच्या नावाची जागा रिकामी ठेवा आणि पेन अम्मींच्या हातात द्या. त्या उर्दूत लिहितील. खाली मराठीत नातू लिहील.

तुमची,
ताई